कौसल्या सिस्टर ओव्हर देतात

कौसल्या हे तिचं खरं नाव नाही. अशा प्रकरणात तक्रार करणाऱ्या बाईचं नाव छापायचं नाही असा कायदा आहे, आणि मी आयुष्यभर कायदा पाळूनच भांडत आले आहे. तिला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "काहून? मी का चोरी केली?"

मी म्हटलं, "चोरी केली असती तर नाव छापता आलं असतं."

ती खो खो हसली. "मंग माह्या आजीचं नाव टाका. कौसल्या. ते बी कोनाच्या बापाले भेत नव्हती."

बाकीची नावंही मी बदललीत. गाव विचारू नका. यवतमाळ जिल्हा, कापसाचा पट्टा, तीस खाटांचं सरकारी रुग्णालय, एवढ्यावर भागवा.

मी त्यात कशी शिरले ते सांगते. जिथं दहा किंवा जास्त माणसं कामाला आहेत तिथं लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी समिती लागते आणि तिच्यात बाहेरचा एक सदस्य लागतो. रुग्णालयाला बाहेरची एक बाई हवी होती. चहा पिऊन सही करणारी. कुणीतरी माझं नाव 'ज्येष्ठ समाजसेविका' म्हणून सुचवलं. मी समाजसेवा कधी केलेली नाही. एकतीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, निवृत्त झाले, आणि तेव्हापासून नगरपंचायतीशी नळाच्या पाण्यावरून भांडते. त्यालाच लोक समाजसेवा म्हणत असतील तर म्हणोत.

तीन वर्षं समितीचं काम काय? दर जानेवारीत चहा, बटाट्याचे चिप्स आणि एक छापील कागद. प्राप्त तक्रारी : निरंक. तिसऱ्या वर्षी मी विचारलं, "तक्रार नाही, की तक्रारपेटी नाही?" पेटी होती. औषधांच्या गोदामात, नवीकोरी, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. "लावायला खिळा नाही मॅडम," औषधं देणारा अमर म्हणाला. तोही समितीत सदस्य. दुसऱ्या दिवशी मी घरून खिळा आणि हातोडी घेऊन गेले.

पण कौसल्याची तक्रार पेटीत आली नाही. ती स्वतःच माझ्या दारात आली, सप्टेंबरातल्या एका दुपारी, स्कूटीवर, डोक्याला ओढणी गुंडाळून. गोल चेहरा, बुटकी, ठसठशीत, मनगटावर पुरुषी घड्याळ. "बसत नाई बाई. दोनची ड्युटी हाय," म्हणून तिनं उभ्यानंच लिफाफा दिला.

"पेटी लावलीय ना मी?"

"त्या पेटीची किल्ली कोनापाशी हाय, ठाव हाय तुमाले?"

मला ठाऊक नव्हतं. किल्ली डॉक्टर राजदीपकडे होती. ज्याच्याबद्दल तक्रार होती त्याच्याकडे.

तर आधी ती कोण ते सांगते. कौसल्या मुनेश्वर, वय त्रेपन्न, बाळंतपणाच्या खोलीची, म्हणजे लेबर रूमची, इन्चार्ज सिस्टर. जन्म बाभुळगावकडच्या एका खेड्यातला. वडील मारोती, शाळेत चपराशी. गावाची घंटा त्यांच्या हातात होती. आई लोकांच्या वावरात कापूस वेचायची. बाप रोज सकाळी रेडिओवरून घड्याळ लावायचा आणि पोरीला सांगायचा, "वेळ लिवून ठेव. तोंडी वेळ कोनी मानत नाही." पोरगी बारावी झाली, यवतमाळला नर्सिंगला गेली. होस्टेलच्या पहिल्या महिन्यात एका मैत्रिणीनं विचारलं, तुमच्याकडे देव कोणता पुजतात? हिनं सांगितलं, "आमच्याकडे पुजत नाई, वाचते." आणि बाबासाहेबांचा फोटो खाटेवर लावला. इतकं स्पष्ट बोलल्यावर पुन्हा कुणी विचारलं नाही.

पहिली नेमणूक झरीकडच्या उपकेंद्रात. आजूबाजूला कोलामांचे पोड, म्हणजे पाडे. दोन महिन्यांत 'श्वास घे', 'जोर लाव' आणि 'नवऱ्याला बाहेर काढा' एवढं कोलामी तिला यायला लागलं. "तेवढंच लागते," ती म्हणते. नंतर मारेगाव, नंतर इथं. सत्तावीस वर्षांत किती पोरं तिच्या हातावर आली ते तिनं मोजलेलं आहे, पण सांगत नाही. "नजर लागते," म्हणते. बाकी अंधश्रद्धा एकही नाही, ही एवढी ठेवली आहे.

नवरा गोविंदा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. शांत माणूस, भाकरी तिच्यापेक्षा गोल करतो आणि ती हे चारचौघांत कबूल करते. मी म्हणते, लग्न टिकवायला एवढं पुरेसं असतं.

तिची खरी ख्याती लिहिण्याची. नर्सा ड्युटी बदलताना एकमेकींना 'ओव्हर' देतात. क्रिकेटशी संबंध नाही. जाणारी नर्स येणारीला सांगते की खाट चारला सलाइन चालू आहे, खाट सहा उलट्या करते, खाट दहाचा नवरा दारू पिऊन येतो. आणि हे सगळं रिपोर्ट बुकात वेळेसकट लिहिते. येणारी वाचते, 'ओव्हर घेतला' लिहून सही करते. सकाळी राउंडला डॉक्टर येतो, पानाच्या तळाशी 'पाहिले' लिहून सही करतो. पद्धत चांगली आहे. माणसं मरत नाहीत ती अशा पद्धतींमुळे.

आणि आमच्याकडे फवारणीचे दिवस म्हणजे पोळ्याच्या आगेमागे कापसावर औषध मारताना विष अंगात गेलेली माणसं. त्यांना दर दहा-पंधरा मिनिटांनी इंजेक्शन, दर वेळी नाडी बघा, डोळ्याची बाहुली बघा, लिहा. कौसल्याला तिथून घड्याळ बघून लिहायची अशी सवय लागली की ती माणूस, मांजर, काहीच सोडत नाही. मी ते बुक नंतर वाचलं. 'पहाटे ५.१० वा. वॉर्डात मांजर. हाकललं. ५.२५ वा. पुन्हा आलं. ६.०० वा. खाट ७ चा नवरा खाट ७ वरच झोपलेला. उठवला. रागावला. समजावलं.'

आता डॉक्टर राजदीप. छत्तीस वर्षांचा, हात चांगला, साप चावलेल्या माणसाजवळ रात्रंदिवस बसणारा. हे मी लिहितेच, कारण खरं आहे. गॅदरिंगमध्ये गाणी म्हणतो. सगळ्या सिस्टरांना 'डार्लिंग' म्हणतो आणि त्याला वाटतं की त्यांना ते आवडतं. अकरावीला माझ्याच वर्गात होता. ते मी समितीला पहिल्याच दिवशी लिहून दिलं आणि विचारलं, मी बाजूला होऊ का? तो स्वतःच म्हणाला, "नको नको, बाई पाहिजेतच. बाई मला ओळखतात." ओळखत होतेच. त्याच्या आईलाही ओळखते, आणि तिच्यासाठी मला वाईट वाटतं. त्याच्यासाठी नाही.

त्यानं काय केलं ते मी गोलगोल सांगणार नाही. मे महिन्यापासून मागून येऊन कंबरेला हात लावायचा. बाजूनं जाताना घासून जायचा, रस्ता मोकळा असला तरी. नवऱ्यावरून घाणेरडे विनोद करायचा. आणि तीन सप्टेंबरला दुपारी, जिथं हत्यारं निर्जंतुक करायचं यंत्र असतं त्या ऑटोक्लेव्हच्या खोलीत तो आला, दार लोटलं आणि तिच्या छातीला हात लावला. तिच्या हातात उकळलेली हत्यारं उचलायचा लांब चिमटा होता. तिनं चिमट्यानंच त्याचा हात बाजूला केला.

आठ दिवसांनी, अकरा सप्टेंबरला, राजदीपनं अधीक्षकांना पत्र दिलं : मुनेश्वर सिस्टर वयोमानामुळे विसरभोळ्या झाल्या आहेत, पेशंटच्या जिवाला धोका आहे, त्यांना लेबर रूममधून काढून भांडारात बसवावं.

भांडार म्हणजे कापसाचे बोळे आणि चादरी. तिची तक्रार हात लावल्याची होती, पण पोटात आग पेटली ती या पत्रानं. "बाई," ती दारात उभी राहून म्हणाली, "मले तिथून काढलं तं मी चादरी मोजत मरन. अन् वर शिक्का, म्हातारी विसरते म्हून."

अधीक्षक साहेबांनी एक शहाणपणा केला. भांडाराची फाइल समितीचा अहवाल येईपर्यंत थांबवली. म्हणजे आम्ही काय लिहितो त्यावर तिची लेबर रूम.

ऑक्टोबरात सुनावणी झाली. जागा लसीकरणाच्या हॉलमध्ये, मागच्या भिंतीवर स्तनपान सप्ताहाचं हे एवढं पोस्टर. अध्यक्ष डॉक्टर अर्पिता, तिथल्याच वैद्यकीय अधिकारी, पंचेचाळिशीच्या, सभ्य, कुणाला न दुखवणाऱ्या. मग मी, अमर, आणि लिहून घ्यायला आस्थापनेतल्या एक लिपिक बाई, त्याही सदस्यच. लिपिक बाई अर्ध्या वाक्यावर थांबल्या. "मॅडम, इथं कसं लिहू? 'शरीराच्या भागाला' लिहू का?"

"छाती लिहा," मी म्हटलं. "क्षयाच्या कागदावर रोज लिहिता की."

अमर पोस्टरकडे बघायला लागला, मग पोस्टरवर काय आहे ते लक्षात येऊन पंख्याकडे.

डॉक्टर अर्पितांनी घसा खाकरला. "सिस्टर, रागावू नका, पण नक्की तसंच होतं का? खोली लहान आहे. धक्का लागला असेल. आणि आता… या वयात…"

"माहं वय तक्रारीत लिवलं हाय मॅडम. त्रेपन्न. छाती बी त्रेपन्न वर्षांचीच हाय. तिले हात लावाले वयाची अट असते का?"

मला हसू आलं, ते मी दाबलं नाही. हे 'या वयात' मी इतक्यांदा ऐकलं आहे! जणू काही हा प्रकार म्हणजे सौंदर्यस्पर्धेचं बक्षीस आहे आणि म्हातारीनं उगाच हक्क सांगितला. अहो, ज्याला हात लावायचा असतो तो वय बघत नाही, कोण गप्प बसेल ते बघतो. त्याचा अंदाज चुकला, एवढंच.

राजदीप आला, पांढरा शर्ट, हातात मोबाइल, चेहऱ्यावर दुखावलेलं हसू. "बाई, मी सगळ्यांशीच मजाक करतो. इथं स्टाफ म्हणजे फॅमिली आहे. सिस्टरांचं मला वाईट वाटतं. वय झालं, गोष्टी मिसळतात. तारखा सांगतात त्यासुद्धा मनानं. मी तर त्यांच्याच काळजीनं पत्र दिलं."

त्याच्या आधी आम्ही दिपालीला बोलावलं होतं. दिपाली कंत्राटी नर्स, सत्तावीस वर्षांची, कौसल्याच्याच हाताखाली शिकलेली. तिनं जमिनीकडे बघून सांगितलं होतं, "मला काही माहीत नाही. सगळे सर चांगले आहेत." आणि गेली होती. कौसल्या तिच्या पाठीकडे पाहत राहिली.

म्हणजे हिशेब सोपा : एक डॉक्टर, एक सिस्टर, साक्षीदार नाही, आणि सिस्टर म्हणे विसरते. डॉक्टर अर्पितांनी पेनाचं टोपण लावलं. मला ते टोपण लावणं आवडलं नाही.

मी विचारलं, "सिस्टर, तक्रारीत तुम्ही अकरा तारखा दिल्यात, वेळेसकट. त्या आणल्या कुठून?"

"रिपोर्ट बुकातून."

"म्हणजे?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी विचारलं, भात कशाचा करतात. "ओव्हर देतो ना जी आमी. त्याच्यात लिवलं हाय."

"राजदीपचं?"

"सगळंच लिवते मी."

राजदीपच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण मोबाइल खिशात गेला.

बुकं आणायला अमर गेला आणि रिकामा परतला. ड्युटीवरची नर्स सही केल्याशिवाय देईना. मग वॉर्डातल्या मानीबाई, तिथल्या जुन्या परिचारिका-मदतनीस, दोन जाडजूड बुकं पोरासारखी कडेवर घेऊन आल्या. "काय वाचता बाई त्याच्यात?" म्हणाल्या. "नर्सा तं रोजच वाचतात."

मी मोठ्यानं वाचायला लागले. आवाज अजून वर्गाचाच आहे.

'२२ मे. ११.२० वा. ड्रेसिंगचा ट्रे लावताना डॉ. राजदीप यांनी मागून येऊन कंबरेवर हात ठेवला. हात काढा म्हटलं. काढला. ११.३५ वा. खाट ४ ला दुसरं सलाइन लावलं.'

'१४ जुलै. १.०५ वा. डॉ. राजदीप यांनी विचारलं, तुमचा म्हातारा घरी काही कामाचा आहे का. उत्तर दिलं नाही. १.१० वा. खाट ११ ताप १०२. ओली पट्टी.'

'३ सप्टेंबर. २.४० वा. ऑटोक्लेव्ह खोलीत डॉ. राजदीप आले, दार लोटलं, छातीला हात लावला. चिमट्यानं हात बाजूला केला. ते गेले. २.५० वा. चिमटा पुन्हा उकळायला ठेवला. पुढच्या ड्युटीनं ऑटोक्लेव्हला एकटं जाऊ नये.'

आणि पानांच्या तळाशी, निळ्या शाईत, झोकदार : पाहिले. राजदीपची सही. अकरापैकी नऊ पानांवर.

मी बुक त्याच्यासमोर सरकवलं. "ही सही तुझी?"

तो बघत राहिला. मग एकदम मोकळं हसला. वर्गात चोरी सापडली की पोरं हसतात तसं. "अहो बाई, हे कोण वाचतं? राउंडला वीस सह्या करायच्या असतात. मी कधीच वाचत नाही. विचारा कुणालाही."

एवढा हुशार माणूस. सुटायला म्हणून जे बोलला ते किती मोठं आहे हे त्याला कळलंच नाही. कौसल्याला कळलं. ती पहिल्यांदा खुर्चीतून उठली.

"एकोनीस ऑगस्ट काढा बाई." मी काढलं. तिथं लाल शाईनं लिहिलं होतं, खाट ९ ला पेनिसिलीन चालत नाही, आधी अंगावर पित्त उठलं होतं. खाली पाहिले. "वीस तारखेले तेच इंजेक्शन याईनं लिवून देलं. मी देलं नाही, दुसऱ्या डॉक्टरले इचारून बदलून घेतलं. तेही लिवलं हाय. ते बाई पोरगं घेऊन घरी गेली. अन् विसरते कोन? मी?"

लिपिक बाईंनी तेही लिहून घेतलं.

अकरापैकी दोन पानांवर सही राजदीपची नव्हती. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी सकाळी राउंडला तो नव्हता, शिबिराला गेला होता. डॉक्टर अर्पितांनी बुक ओढून घेतलं, सत्तावीस ऑगस्टचं पान बघितलं आणि मिटलं. मग म्हणाल्या, "जेवणाची सुट्टी."

त्या मला मागच्या नळावर भेटल्या. हात धुऊन झाले होते तरी धूत होत्या. "बाई, ती सही माझी आहे. मी वाचलं नव्हतं."

"माहीत आहे."

"वाचलं असतं तरी…" नळ बंद केला. "वाचलं असतं तरी मी पान उलटलं असतं. उगाच कशाला म्हणून. खोटं कशाला बोलू."

मला या बाईचा सकाळपासून राग येत होता. तो तिथं संपला असं नाही, पण निम्मा झाला. मी म्हटलं, "मग हे असंच लिहून घ्या." त्यांनी घेतलं. जेवणानंतर पहिली नोंद केली ती स्वतःच्या सहीची; आणि दिपालीला पुन्हा बोलवा म्हणाल्या.

कारण तीन सप्टेंबरच्या नोंदीखाली दिपालीचं अक्षर होतं : 'ओव्हर घेतला. वाचलं. ऑटोक्लेव्हला मानीबाईंना सोबत नेलं.'

दिपालीनं ते पान बघितलं आणि रडेल असं मला वाटलं. ती चिडली. "मी कंत्राटावर हाय जी! अकरा महिन्यांनी शेरा कोनाचा लागते? सरांचाच. तुमी लोक वर्सातून एकदा येता, चहा पिता, जाता. आमाले इथं रोज राहा लागते." मग कौसल्याकडे न बघता, भराभरा : "सगळ्या वाचतो आम्ही. ताईनं लिवलं तवापासून आम्ही कोनीच एकटी जात नाही तिथं. दोघी दोघी जातो. महिना होऊन गेला. सरांना वाटते आम्ही मैत्रिणी हाओत."

म्हणजे बघा. नर्सा वाचत होत्या आणि डॉक्टर सह्या करत होते. एक अख्खं रुग्णालय एका बाईच्या बुकावर सांभाळून चाललं होतं आणि वरच्यांना पत्ता नव्हता.

मी कौसल्याला विचारलं, "हे तुम्ही पुरावा म्हणून लिहिलंत?"

"पुरावा?" ती गोंधळली. "नाई बाई. येनारी पोट्टी एकटीच त्या खोलीत जाईन ना. तिले माहीत नको? खाट चार उलटी करते, खाट अकरा तापते, अन् हा डॉक्टर हात लावते. ओव्हर म्हनजे काय असते मंग?"

मग जे बोलली ते लिपिक बाईंनी न विचारता शब्दशः लिहिलं : "सत्तावीस वर्षांत मी भिंतीले पाठ लावून काम नाही केलं. आता करून राह्यली."

त्या संध्याकाळी मी तिच्या घरी गेले होते. गोविंदानं चहा केला. त्याला हे सगळं केव्हा कळलं, मी विचारलं. "त्याच दिवशी," तो म्हणाला. "घरी आली, हात धुवत बसली. मी म्हनलं, त्याचा हात मोडू का? ते म्हने, नको, मले त्याचं प्लास्टर करा लागन." कौसल्या स्वयंपाकघरातून ओरडली, "अन् चांगलं करा लागन!" दोघं हसले. मी हसले नाही. मला गोविंदाचे डोळे दिसत होते.

अहवाल लिहायला आम्हाला अकरा दिवस लागले आणि तीन भांडणं. तक्रार सिद्ध, यावर कुणाचं दुमत नव्हतं. शिक्षा काय यावर अमर म्हणाला, "करिअर आहे मॅडम सरांचं." मी म्हटलं, "तिचं काय आहे, छंद?" अमर चांगला पोरगा आहे, लाजला. शेवटी : लेखी ताशेरे, सेवापुस्तकात नोंद, कुठल्याही नर्सचा गोपनीय अहवाल किंवा कंत्राटाचा शेरा त्यानं लिहायचा नाही, आणि जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला बदली. बदलीला माझा विरोध होता. आपल्या अंगणातला कचरा शेजाऱ्याच्या अंगणात लोटायचा आणि झाडू धुऊन ठेवायचा, हा काय उपाय झाला? मी वेगळं मत लिहून दिलं, तिथल्या समितीला अहवालाची प्रत जायलाच हवी म्हणून. ते मान्य झालं. टपालावर माझा विश्वास नाही, म्हणून पत्र घेऊन मी स्वतः एसटीनं गेले. तिथल्या समितीची अध्यक्ष उभ्यानंच वाचत होती आणि वाचता वाचता बसली. पोचपावतीवर सही घेऊन मी निघाले.

कौसल्याच्या काही मैत्रिणी तिच्याशी बोलेनाशा झाल्या. "पाच वर्सं तं उरली होती वं तुही, कायले नाद केला?" असं एकीनं विचारलं. रुग्णालयात साप चावलेली माणसं आता यवतमाळला पाठवावी लागतात, त्याचा दोषही काही लोक तिला देतात. मला अशा वेळी काठी उगारावीशी वाटते. साप चावल्यावर चांगला असलेला माणूस ऑटोक्लेव्हच्या खोलीतही चांगला असावा, ही अपेक्षा काय फार आहे? तिला ते बोलणं लागतं, मला माहीत आहे. तिनं कबूल केलेलं नाही.

दिपालीचं कंत्राट वाढलं; शेरा डॉक्टर अर्पितांनी लिहिला. आणि अर्पिता आता राउंडला बुक वाचतात, उभ्यानं, एक एक ओळ. राउंडला तासभर जास्त लागतो, सगळे कुरकुरतात. कुरकुरू द्या.

राहिली भांडाराची फाइल. अहवाल गेला तरी ती महिनाभर साहेबांच्या टेबलावर. मी तीनदा गेले. चौथ्यांदा डबा घेऊन गेले आणि सांगितलं, आज इथंच जेवणार आहे, सहीपर्यंत. साहेबांनी जेवणाआधीच सही केली. 'सदर प्रस्ताव अमान्य. श्रीमती मुनेश्वर यांच्याकडे लेबर रूमचा कार्यभार कायम.'

कागदाची नक्कल घेऊन मी खाली धावले. चौऱ्याहत्तराव्या वर्षी जेवढं धावता येतं तेवढं. लेबर रूमचं दार बंद, आत कुणीतरी आडवंतिडवं ओरडत होतं. दाराशी मानीबाई.

"चपला काढा. अन् आत नाही जाता येत."

"अहो, तिचा आदेश आहे हातात!"

"राष्ट्रपती आले तरी नाही."

मी दारावर तोंड लावून ओरडले, "सिस्टर! आदेश आला!"

"काय आला?" आतून.

"आदेश! तुम्ही इथंच! भांडार रद्द!"

आतली बाई ओरडायची थांबली. मग कौसल्याचा खणखणीत आवाज आला :

"मंग लाव ना वं जोर! दाराकडे काय पाह्यते? मी कुठीच जाऊन नाही राह्यली!"